गुडघाभर पाणी

मोरोसेगोरो गावात कुणाच्याही दारातून आत शिरताना वाकावं लागतं. पाहुण्याला वाटतं, केवढी ही नम्रता! नम्रता कसली? उधाणाचं पाणी घरात शिरतं म्हणून दर काही वर्षांनी भराव घालून फरशी वर घ्यायची, आणि छप्पर मात्र होतं तिथंच. कास्मिनाची फरशी तीनदा वर आली होती. आता ती ताठ उभी राहिली की केस वाशांना लागत.

आयुष्यभर तिनं बाटिकचं काम केलं, कापडावर मेणानं नक्षी काढली. नवरा गेला, त्याची कबरही भरतीखाली गेली. दोघी बहिणी शहरात निघून गेल्या. "मी नाही जायची," कास्मिना म्हणे, आणि एकदा नाही म्हटलं की नाहीच.

गावात टिकायचं तर समुद्राच्या तोंडाशी बांबूचं कुंपण घालून चिखल धरायला हवा होता आणि त्या चिखलात तिवरं लावायला हवी होती. पण नेमकं तिथंच वार्सिदीचं कोळंबीचं तळं. वार्सिदी गावचा गवंडी. घराघरांतल्या फरश्या त्यानंच वर घेतलेल्या. सरकारी मदत पुन्हा भरावाला लावायची की कुंपणाला, हे शुक्रवारच्या नमाजानंतर गाव ठरवणार होतं. भराव ठरला तर कास्मिनाचं घर सुटलं म्हणायचं. चौथ्या भरावाला तिथं जागाच नव्हती. रांगत का राहायचं?

"पाणी वाढतंय कुठं?" वार्सिदी कॉफी पिता पिता सगळ्यांना विचारायचा. "माझ्या बापाच्या काळी गुडघ्याला लागायचं, आजही गुडघ्यालाच लागतं. उगीच माझ्या तळ्यावर डोळा!"

लोक माना डोलवत. विद्यापीठातल्या मुलींनी पाण्याचा आलेख आणून भिंतीवर लावला होता. गावानं तो कौतुकानं पाहिला आणि त्याच खिळ्याला कॅलेंडर टांगलं. खरं सांगायचं तर कास्मिनालाही ती चढती रेघ पटली नव्हती. तिच्याही घरात पाणी गुडघाभरच यायचं.

एका सकाळी चिखल लोटताना तिची नजर घराच्या मधल्या सागवानी खांबावर गेली आणि झाडू हातातच राहिला. फरशी वर आली होती, खांब मात्र होता तिथंच. सगळं गाव पाणी मोजत होतं फरशीपासून, आणि फरशीच वर चढत होती! इतकी वर्षं आपणही डोळे असून आंधळ्या. तिला स्वतःचाच संताप आला. तिनं पहार आणली आणि खांबाशेजारी खणायला सुरुवात केली.

"अगं यू, लोक घरं भरतात आणि तू खणतेस?" शेजारीण तार्वी खिडकीतून म्हणाली; ती कास्मिनाला यू, म्हणजे ताई, म्हणे. "सासूनं सोनंबिनं पुरलंय की काय?"

"सोनं असतं तर खिडकी उघडी ठेवली असती होय गं मी?"

खालून खारं पाणी झिरपायचं. ती बादलीनं उपसायची आणि पुन्हा पहार मारायची. हातांना फोड आले, मग फुटले. दोन दिवस हसून झाल्यावर तार्वीच बादली घेऊन आली. शेवटी छातीइतक्या खड्ड्याच्या भिंतीत एकाखाली एक फरश्यांच्या कडा दिसू लागल्या, आणि तळाशी लग्नातली लाल फरशी. प्रत्येक फरशीपासून गुडघाभर उंचीवर कास्मिनानं खांबाला होडीच्या निळ्या रंगाचा पट्टा ओढला. मेणाची रेघ ओढावी तसा.

शुक्रवारी तिनं बैठक घरीच बोलावली.

"कांग, उतर खाली," ती वार्सिदीला म्हणाली. वयानं मोठ्या पुरुषाला गावात कांग, म्हणजे दादा, म्हणत.

"मी कशाला?"

"तुझंच काम आहे, तपासून घे."

लोक हसले म्हणून तोही हसत उतरला. तळाशी त्याचा पाय कशावर तरी अडखळला. त्यानं वाकून चाचपलं. "ही कोपऱ्यातली फुटकी फरशी... तुझ्या लग्नात मीच बसवली होती. केवढी भांडली होतीस!"

"आता खांबाकडे बघ."

पहिला पट्टा त्याच्या गुडघ्याशी होता, दुसरा कमरेशी, तिसरा छातीशी. चौथा बघायला त्याला मान वर करावी लागली.

"हा कधीचा?"

"यंदाचा. गुडघाभरच होतं पाणी, कांग. तूच म्हणतोस ना."

वार्सिदीनं हात उंचावून डोक्यावरचा निळा रंग चाचपला.

"इथं मी बुडालो असतो," तो पुटपुटला.

"बुडलोच आहोत सगळे. तू पायाखाली फरशी देत गेलास, म्हणून कळलं नाही." तिच्या आवाजात राग नव्हता. खरं तर तिला त्याची कीव आली होती, आणि सगळ्या गावाची.

त्यानं हात पुढे केला. तिनं आणि तार्वीनं मिळून त्याला वर ओढलं. ओल्या पायांनी तो खड्ड्याच्या काठावर बसला.

"तळ्याचा बांध मी स्वतः फोडीन," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणी पहार लावायची नाही. बापानं घातलेला आहे तो."

कास्मिनाचे डोळे भरून आले. तिनं ते लपवले नाहीत.

"आणि हा खड्डा?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं. "उद्या येऊन बुजवून देतो."

"हात लावशील तर बघ," कास्मिना म्हणाली. "पुढच्या उधाणाची रेघ तू ओढायचीस. याच खालच्या लाल फरशीवर उभं राहून."