खिडकीतला काचेचा पेला

संग्रहालयातल्या काचेवर माझं कपाळ आपटलं. काच इतकी स्वच्छ होती की ती आहे हेच कळलं नाही. रखवालदार फडक्याने माझ्या कपाळाचा डाग निमूटपणे पुसून गेला. आत इंग्रजांच्या बंगल्यातलं जेवणाचं टेबल मांडलं होतं, त्यावर जाड, कंगोरेदार काचेचे पेले.

"अशाच पेल्यात मी लहानपणी पाणी प्यायचो," मी लेकीला सांगितलं; बायको शेजारीच उभी होती. गेली चाळीस वर्षं मी हे सगळ्यांना सांगत आलोय. वर्गमित्राच्या आजोबांना त्यांच्या गोऱ्या साहेबाने जाताना तो पेला दिला होता. त्या घरात सगळे पितळी भांड्यातून पाणी पीत. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतून मी गेलो, की मित्राची आई खिडकीतला तो पेला माझ्यापुढे ठेवायची आणि वरून पाणी ओतायची. पाण्यात ऊन उतरायचं. मला साहेब झाल्यासारखं वाटायचं. पिऊन झालं की मी पेला जपून विसळायचो आणि खिडकीत पालथा घालायचो.

"पण तू का वॉश करायचास, बाबा?" परदेशात वाढलेली लेक इथल्या ढंगात म्हणाली. "गेस्ट वॉश नाही करत, ला."

मी समोरच्या बाकावर जाऊन बसलो.

परतताना, एमआरटीच्या गाडीत आमचं बेडोक स्टेशन जवळ आल्यावर, मी बायकोला विचारलं, "त्या पेल्याचं तुला कधी कळलं होतं?"

"लग्नाआधीच," ती म्हणाली. "पण सांगताना तू इतका खूश होतास, की मला बोलवेना."