चार नवे प्लग

पेट्रोलचा वास आला की मला बिबवेवाडीतलं एक गॅरेज आठवतं. सासऱ्यांनी विश्वासानं सोपवलेली जुनी मोटार मी तिथून नवे प्लग घालून आणली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनाच तिच्यातून खडकवासल्याला न्यायचं होतं. नुकताच आयटीत लागल्यामुळे मला सगळंच कळत होतं, म्हणून मेकॅनिकनं जुनेच प्लग पुसून बसवले असणार, या संशयानं घरी चारही उघडले. नवेच निघाले. परत बसवताना एक फरशीवर आपटला आणि गाडी आचके देऊ लागली. तशीच गॅरेजात नेऊन मी वर विचारलं, "असले प्लग बसवता होय?" मेकॅनिकनं प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती चेपलेली फट नीट केली. "घरी कोणी उघडला होता का?" "छे हो." माझ्या काळ्या बोटांकडे बघत त्यानं साबण पुढे केला. "धुऊन घ्या साहेब, सासरे विचारतील." आता मीच सासरा आहे, जावयानं गाडी परत आणली की आधी त्याची बोटं बघतो.