रघूतात्यांचं मातीचं ताट

रघूतात्यांच्या घरी मी पहिला घास घेतला तो मातीचा. पौडच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू होऊन मला आठवडाही झाला नव्हता. आईनं बांधून दिलेले लाडू संपले होते, खोलीवरचा स्टोव्ह पेटायला तयार नव्हता, आणि अशात एक उंच, काटकुळा, ओल्या हातांचा गृहस्थ दारात येऊन म्हणाला, "मास्तर, चला जेवाया. गावात नवीन मानूस आला की पयलं जेवान आमच्यात." मी गेलो. पाटावर बसलो. समोर ताट आलं. नाचणीची भाकरी, पिठलं, भाताची मूद, फोडलेला कांदा आणि तळलेली मिरची. भाकरीवर तव्याचे डागसुद्धा होते. ती मोडेना. पहिल्याच दिवशी कुणाच्या बायकोच्या भाकरीला नावं ठेवायची कशी, म्हणून मी मिरची उचलून चावली, आणि दाढेतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. तात्यांनी गुडघ्यावर थाप मारली. "माशी बसली, मास्तर बी बसलं! पास!"

तात्यांची परीक्षा ही अशी दोन पेपरांची असायची. वस्तू करून झाली की ती ओट्यावर ठेवायची आणि शेजारी उकिडवं बसून राहायचं. माशी बसली तर पहिला पेपर सुटला. मग माणूस फसला की दुसरा. त्या दिवशी मी दुसरा पेपर होतो. आतून वहिनी खरं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, रागावू नगा. तलाठ्याला तर ह्यांनी मातीचं अंडं सोलाया लावलं व्हतं. घरात मातीच्या बारा भाज्या हायेत, आन चुलीवर एक न्हाई." हे त्या नवऱ्याकडे बघून बोलत होत्या आणि नवरा माझ्या दाढेचा ठसा मिरचीवर कसा उमटला ते बघत होता.

माती म्हणजे नुसती माती नव्हे. शाडू, वर्तमानपत्राचा लगदा, डिंक आणि चिंचोक्याची खळ असं ते मिश्रण होतं. तात्या ते पायानं मळायचे. लगदा कुठल्या पानाचा यावरही त्यांचा कटाक्ष असे. "भाषनाचं पान नगं. लई पानी सोडतंय. बाजारभावाचं पान घ्या, घट्ट येतंय." मी हे हसण्यावारी नेलं होतं. पुढे एकदा भाषणाच्या पानाचं वांगं करून बघितलं, ते खरोखरच तडकलं. योगायोग असेल. पण त्यानंतर मीही बाजारभावाचंच पान वापरायला लागलो, आता काय सांगायचं!

महिन्याभरात मी त्यांच्या हौशी मातकाम मंडळाचा चिटणीस झालो होतो. दर रविवारी सकाळी इसाकभाई शिंप्याच्या ओसरीवर मंडळ जमायचं. आम्ही पाच-सहा जण होतो. त्यांत भातात इसाकभाईंचा हात धरणारा कोणी नव्हता. काजं करून करून बोटं अशी बारीक कामाला बसलेली की भाताचं शीत न शीत वेगळं करायचे. मी इतिवृत्त लिहायचो. अजून आठवतात त्यातले ठराव. 'कारल्याच्या शिरा मोजून कराव्यात.' 'सभासदाने दुसऱ्या सभासदाच्या काकडीस हसू नये.' नवे पैसे आले त्या वर्षी कुणाच्या तरी शेळीनं ओसरीवर वाळत घातलेला अर्धा कोबी खाल्ला आणि ती दोन दिवस उठेना. शेळीचा मालक भांडायला आला. तात्या हात जोडून त्याच्या घरी गेले, शेळीजवळ बसून राहिले, तिला एरंडेल पाजलं, आणि निघताना मालकाला हळूच विचारलं, "आधी हुंगला व्हता का एकदम तोंड घातलं?" मालकानं काठी उचलली. तात्या ओसरीवर परत आले ते आनंदानं फुलून. "हुंगून खाल्ला म्हंतोय!"

असा हा माणूस मातीवर तासन्‌तास बोलायचा. पण एका गोष्टीवर त्यांच्या तोंडाला कुलूप होतं. ती गोष्ट म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, गणपतअण्णा. वडिलार्जित जमीन होती, नदीकाठची आंबेमोहोराची खाचरं. राबायचे तात्या. लावणी त्यांची, कापणी त्यांची, झोडणी त्यांची. पण सातबाऱ्यावर नाव एकट्या अण्णांचं, आणि भात भरायचं ते अण्णांच्या कणगीत. तिथून अण्णा देतील ते घरी यायचं. मूलबाळ नव्हतं. वहिनींना एकच घोर होता, की उद्या ह्यांचं काही बरंवाईट झालं तर आपण राहायचं कुठं आणि खायचं काय. त्या रोज टुमणं लावायच्या, "अण्णांस्नी एक डाव इचारा की वो." तात्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "हात मातीचं हायेत गं. मागनं बघू."

एकदा वहिनींनी मला गाठलं. "मास्तर, तुमी शिकलेलं हाय. ह्यांच्यासंगट जा. नुसतं बाजूला बसा. म्हंजी ह्यांना जोर येईल." गेलो दोघं. अण्णा अंगणात बाजेवर बसले होते, भारदस्त माणूस, मिशा काय, आवाज काय. म्हणाले, "बोल रघू, काय काढलंस?" तात्यांनी तोंड उघडलं. मिटलं. खाली अंगणातला ओला चिखल उचलला. मी मनात म्हटलं, मेलो! अर्धा तास तात्या चिखल थापटत होते, अण्णा पान जुळवत होते, आणि मी देवाचा धावा करत होतो. शेवटी तात्यांनी हातातली वस्तू पुढे केली. अण्णांचं नाक होतं. हुबेहूब. मधल्या चामखिळीसकट. अण्णा खूश! बायकोला बोलावून दाखवलं, कोनाड्यात ठेवायला सांगितलं आणि मला म्हणाले, "बघा मास्तर, माजा भाऊ. ह्याला जगात काय नगं. माती मिळाली की झालं." वाटेनं मी तात्यांवर भडकलो. म्हटलं, तात्या, अहो जमीन मागायला आला होतात का नाक द्यायला? ते खजील होऊन म्हणाले, "थोरलं हायेत वो. त्यांच्याम्होरं जीभच उचलत न्हाई." घरी वहिनींनी आमच्या तोंडांकडे बघितलं आणि भाकऱ्या थापायला बसल्या. मला त्या दिवशी तात्यांचा खरोखर राग आला होता. चांगुलपणाची फळं बायकोनं भोगायची, हा कुठला न्याय?

तात्या गेले ते भाद्रपदात, चार दिवसांच्या तापानं. भात पोटरीला आलं होतं. अण्णांनी क्रियाकर्म स्वतः केलं, त्यात काही कमी ठेवलं नाही. पण पाचव्या दिवशी वहिनींना निरोप धाडला, की दिवस झाले की माहेरी गेलेलं बरं. वहिनींना माहेरी कोणी उरलं नव्हतं, हे अण्णांना माहीत होतं.

इकडे मंडळाची सभा भरली. तात्यांना पोचवायचं तर मंडळाच्या रीतीनं, म्हणून त्यांच्या आवडीचं जेवण मातीचं करून दहाव्याला मुळा नदीत सोडायचं ठरलं. अनुमोदन इसाकभाईंचं. ते रडत होते म्हणून मी नुसतं 'अनुमोदन मिळाले' असं लिहिलं. चार दिवस आम्ही राबलो. इसाकभाईंनी मूद केली, तसा भात मी पुन्हा पाहिला नाही. वर दह्याची कवडी, चार तीळ, कडेला भजी. ओट्यावर ठेवलं तर माशा उठेनात.

दहाव्याला घाटावर सगळं गाव लोटलं होतं. आमच्याकडची रीत अशी, की पिंडांचा विधी गुरुजी करून घेतात आणि मग घरून आणलेलं जेवण पत्रावळीवर वाढून दगडावर ठेवायचं. त्याला कावळा शिवला की गेलेल्याचं मन तृप्त झालं. वहिनींनी रांधून आणलेली पत्रावळ झाकून ठेवली होती आणि आमचीही शेजारीच झाकून ठेवलेली. गुरुजींनी हाक मारली तसे अण्णा आले. दोन्ही पत्रावळींवरची पानं त्यांनी उचलून पाहिली. वहिनींची मूद बेताचीच होती, घरात तांदूळ होते कुठं? आमची भरघोस, भज्यांसकट. चारचौघांत भावाचं ताट भरलेलं दिसायला हवं, म्हणून अण्णांनी आमची उचलली आणि दगडावर नेऊन ठेवली. जाताना पुटपुटले म्हणे, "भात जरा गच झालाय."

मी आणि इसाकभाई नदीत पाय धूत होतो. परत येऊन बघतो तर आमच्या जागी आमची पत्रावळ नाही आणि तिथल्या दुसऱ्या पत्रावळीतून आंबेमोहोराचा वास येतोय! इसाकभाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मास्तर, घात झाला. माजा भात तितं गेला." समोरच्या उंबरावर सात-आठ कावळे बसले होते. एक उतरला, दगडाभोवती दोन उड्या मारल्या, मान वाकडी करून मुदीकडे पाहिलं आणि उडून गेला.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. अण्णा पुढे झाले, हात जोडले. "रघू, तुजं तेरावं थाटात करतो." कावळे ढिम्म. "गावजेवान घालतो." काही नाही. "तुज्या मंडळाला कपाट करून देतो." इसाकभाई कपाळाला हात लावून खाली बसले. "तुजा पुतळा बशिवतो, मातीचा!" ऊन चढत होतं. गुरुजी मनगटावरच्या घड्याळाकडे बघायला लागले आणि म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ या. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी कडाडली, "गवताचा कावळा तुमाला चालंल, रघूला चालंल का? अण्णा, जिमिनीचं बोला! समद्या गावाला ठावं हाय त्याचा जीव कशात आडाकलाय!"

मला राहवेना. हे चाललंय ते बरोबर नाही, एका मेलेल्या माणसाच्या दहाव्याला असा पोरखेळ, असं वाटून मी पुढे पाऊल टाकलं. तर कोपराला चिमटा बसला. वहिनी होत्या. त्यांनी दगडावरच्या ताटाकडे एकदाच पाहिलं असेल, पण इतकी वर्षं मातीच्या भाताबरोबर संसार केलेली बाई ती. हळूच म्हणाल्या, "मास्तर, आता तोंड उघडाल तर माजी शपथ हाय." मी उभा राहिलो तसाच.

अण्णांना घाम फुटला होता. त्यांनी पुन्हा कावळ्यांकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि एकदम त्यांचा आवाज फाटला. "रघू, आरं चुकलो मी! राबला तू, खाल्लं मी. निम्मी जिमीन तुज्या बायकूच्या नावावर करतो. नदीकडचं खाचर बी तिलाच." "पानी सोडा!" म्हातारी म्हणाली. अण्णांनी नदीत गुडघाभर उतरून ओंजळ भरली आणि गावासमक्ष पाणी सोडलं. ते रडत होते. खोटं नव्हतं ते रडणं, हे मला कबूल केलं पाहिजे.

"मला एक डाव पाया पडू द्या," वहिनी म्हणाल्या. खरी पत्रावळ कधी त्यांच्या पदराखाली गेली ते मीही पाहिलं नाही. त्या दगडापाशी वाकल्या, पदर भुईला टेकवला, उठल्या. माघारी तीन पावलं आल्या नसतील तोच उंबरावरून कावळ्यांचा थवाच्या थवा खाली आला. गाव गहिवरलं. गुरुजींनी हात जोडले. वहिनींनी इसाकभाईंच्या पिशवीत काहीतरी जड ठेवलं आणि बायकांत जाऊन बसल्या.

अण्णांनी शब्द पाळला. पुढच्या लावणीच्या आत नाव चढलं. पण माझं मन खात होतं. एके दिवशी मी वहिनींकडे गेलो, त्या खाचराच्या बांधावर बसल्या होत्या. म्हटलं, वहिनी, तात्यांच्या दहाव्याला आपण सगळ्यांना फसवलं, मला झोप लागत नाही.

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच शाळेत जाणारं पोर आहे. म्हणाल्या, "तीस वर्सं मी ह्यांना म्हनत व्हते, अण्णांशी बोला, अण्णांशी बोला. ह्यांनी कंदी तोंड उघडलं न्हाई. त्या दिशी अण्णा तासभर ह्यांच्याशी बोलत व्हतं, आन हे आपलं गप. मास्तर, ह्यांचं गप ऱ्हानं पयल्यांदाच माज्या कामी आलं."

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. तो बराच वेळ काढला नाही.