शिट्टी माझ्याकडे राहिली

ताईचे यजमान, म्हणजे माझे दाजी, बावीस वर्षं कंपनीच्या फुटबॉल संघाचे कोच होते. मी त्यांच्या हाताखाली, बूट, बॉल आणि बँडेज सांभाळायला. लोक म्हणायचे, मेहुणा वशिल्याने चिकटला. चिकटलोच होतो. त्यात लपवायचं काय?

त्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीत समोरच्या संघाने माघार घेतली आणि आमच्या पोरांना सोळा दिवसांची आयती सुट्टी मिळाली. सगळे खूश, एक दाजी सोडून. "सुट्टीवरून आलेले पाय खोटं बोलतात," असं ते म्हणायचे. त्यांची रीत ठरलेली. पहिले दोन दिवस बॉल कुलपात, नुसतं पळायचं. मग बॉल, मग आपसात सामना. आणि खऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी काहीच नाही. भिंतीला पाय लावून गवतावर पडायचं आणि एकमेकांची टिंगल करायची.

नेमके त्याच दिवशी क्रीडा विभागाचे नवे साहेब मैदानात उगवले. जन्मात बॉलला पाय लावला नसेल, पण उंटावरून शेळ्या हाकायला पुढे.

"सोळा दिवस लोळून झालं ना? मग हे काय चाललंय?" ते म्हणाले. "उद्या हरलात तर तुमच्या जागेचा विचार करावा लागेल."

दाजी समजावायला गेले, तर साहेबांनी फोन कानाला लावला. दाजींच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं बघितलं. गळ्यातली शिट्टी काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"पळव त्यांना. माझ्याच्याने होणार नाही."

दाजी, नको, एवढं म्हणायला माझी जीभ काय झडली होती? पण साहेब माझ्याकडेही बघत होते. मी शिट्टी वाजवली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जीव खाऊन, वीस वेळा. साहेब समाधानाने मान हलवत होते.

दुसऱ्या दिवशी पंचविसाव्या मिनिटाला आमचा गोल मारणारा पोरगा मांडी धरून खाली बसला. मध्यंतरानंतर आणखी एक. तीन-शून्यने हरलो.

आठवड्याने दाजींना काढल्याचं पत्र आलं. कारण लिहिलं होतं, सामन्याच्या आदल्या दिवशी खेळाडूंना नको इतकं पळवलं. खाली सही त्याच साहेबांची. चोर तो चोर, वर शिरजोर.

त्याच दिवशी मलाही एक पत्र आलं. नवा कोच येईपर्यंत सराव मी घ्यायचा होता.

दाजींनी स्वयंपाकघरात बसून दोन्ही पत्रं वाचली आणि घडी घालून मला दिली. ताई भांडी घासत राहिली, वळली नाही.

"शिट्टी तुझ्याकडेच आहे ना?" दाजींनी विचारलं.

होती, खिशातच. सोमवारी सातला मी मैदानावर गेलो.