डिडन्ट वेन्ट

"परत म्हण. मागच्यांना ऐकू आलं नाही."

मॅडमनी मला तिसऱ्यांदा उभं केलं. नर्सिंग कॉलेजचं पहिलं वर्ष. काल वॉर्डला का आली नाहीस, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं होतं. मी म्हणाले, "मॅडम, आय डिडन्ट वेन्ट टू वॉर्ड. माय मदर फॉल डाऊन."

वर्ग हसत होता. मी तिसऱ्यांदा म्हटलं. मग चूक कुठंय ते मॅडमनी सांगितलं. डिडन्ट गो म्हणायचं.

मला खरंच कळेना. मी विचारलं, "पण मॅडम, कालचं हाय की. मग वेन्ट का नको?"

'हाय की' ऐकून वर्ग आणखी हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "हे केजीतल्या मुलांना कळतं. कोट्यातून सीट मिळते गं, भाषा मिळत नाही."

मी खाली बसले. आई शेतात मजुरीला गेली असताना बांधावरून पडली होती. कंबर धरून ओरडत होती. वळसंगहून सोलापूरला मीच तिला जीपमधून आणलं होतं. आई कशी आहे, हे त्या वर्गात कुणी विचारलं नाही.

माझं नावच पडलं. डिडन्ट वेन्ट. होस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी. तिघींची कुजबुज मी आत गेले की थांबायची. मेसमध्ये मी नळाजवळच्या टेबलावर एकटी जेवायची. घरी कानडी बोलत वाढले, शाळेत मराठी शिकले, शेजारच्या खालाकडून उर्दू. तीन भाषा येणारी मी मुकी झाले. दोन वर्षं वर्गात एकही प्रश्न विचारला नाही. आईचा फोन आला की "बरं हाय" एवढंच म्हणायची.

तिसऱ्या वर्षी वॉर्डात मैंदर्गीकडची एक म्हातारी आली. तिला कानडीशिवाय काही येईना. डॉक्टर पोटावर हात ठेवून "इथं? इथं?" विचारत होते, ती नुसती रडत होती. मॅडमनी मला हाक मारली. "तुला येतं ना ते कानडी?" मी म्हातारीशी बोलले. दुखणं पोटाचं नव्हतंच, लघवीला आग होत होती. डॉक्टरांनी लिहून घेतलं. म्हातारीनं माझा हात सोडला नाही. विचारलं, "यार मगळव्वा नी?" कुणाची गं लेक तू? कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याबद्दल काही विचारत होतं.

त्याच आठवड्यात कॉलेज बघायला बाहेरून पाहुणे आले. या केसचं कौतुक झालं. मॅडम खुशीत होत्या. पाहुण्यांना म्हणाल्या, "हिची एक गंमत आहे. सांग गं, ते तुझं वाक्य."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

"अगं, गंमत आहे."

"त्या दिवशी माझी आई पडली होती, मॅडम. त्यात गंमत नव्हती. आणि मी विचारलेल्याचं उत्तर तुम्ही अजून दिलं नाही. डिडनंतर गो का?"

"दॅट इज द रूल."

"रूल मला पाठ हाय. का, ते विचारतेय."

मॅडम पाहुण्यांना घेऊन पुढं निघाल्या. कुणी हसलं नाही. पण माझ्या बाजूनं कुणी बोललंही नाही. होस्टेलवर खोलीतली एक जण म्हणाली, "कशाला लागतीस त्यांच्या नादाला?" आणि तिनं खोली बदलून घेतली.

उत्तर मी लायब्ररीत शोधलं. भूतकाळ 'डिड'नं आधीच सांगितलेला असतो, पुढच्या क्रियापदानं तो परत सांगायचा नसतो. बस्स. दोन ओळींचं उत्तर. तेवढ्यासाठी मला माझी जात दाखवली होती.

मग मी प्राचार्यांच्या नावानं तक्रारीचा अर्ज लिहिला. मराठीत. कोट्याबद्दलचं ते वाक्य मॅडमच्या तोंडचं, जसंच्या तसं. खाली माझी सही. एकटीची.

ऑफिसातल्या क्लार्कनं अर्ज माझ्याकडे सरकवला. "इंग्लिशमध्ये लिहून आणा."

इंग्रजी मला आता येतं. तरी मी अर्ज परत त्यांच्यापुढं सरकवला. "मला कळतंय त्या भाषेत लिहिलाय. तुमालाबी कळतोय. पोच द्या."

त्यांनी दिली नाही. मी उद्या जाणार. परवाही. पोच हातात पडेपर्यंत रोज त्या टेबलासमोर उभी राहणार.