उत्तरपत्रिकेखालची ओळ

नवऱ्याची मैसूरला बदली झाली तेव्हा मी साताऱ्याच्या कॉलेजातली समाजशास्त्राची नोकरी सोडली. शहराच्या कडेला, हूटगळ्ळीत, नव्या घरांच्या रांगेत आम्ही घर घेतलं. नवरा सकाळी कंपनीच्या बसने जायचा तो संध्याकाळी उशिरा यायचा. मला कानडीत भाजी घेता यायची, पण भांडता यायचं नाही, आणि ज्या भाषेत भांडता येत नाही तिच्यात मैत्री तरी कशी व्हायची? तिथल्या कॉलेजांतून नोकरीचं विचारून झालं, कुठे जमलं नाही. मग घरबसल्या एक काम मिळालं. परदेशातल्या एका विद्यापीठाचे ऑनलाइन विद्यार्थी जे निबंध पाठवत, ते तपासायचे. विद्यापीठ हे काम बंगळूरच्या एका एजन्सीला देई आणि एजन्सी ते माझ्यासारख्यांना वाटून देई.

विद्यार्थ्यांची नावं आम्हाला दिसत नसत, फक्त आकडे दिसत. त्यांनाही आमची नावं कळत नसत. शेऱ्यांसाठी तयार वाक्यांची यादी होती, तिच्यातलं निवडून टाकायचं. वर्गात वीस वर्षं पोरांच्या डोळ्यांत बघून शिकवलेल्या मला हे फार जड गेलं. पण दुपार सरायची.

शेजारी एक अक्का राहायच्या. पिढ्यान्‌पिढ्या मैसुरात राहिलेलं मराठी घर. त्या कधी डोकवायच्या.

"काय गं करतीस दिवसभर त्या पेटीपुढं?"

"पेपर तपासते, अक्का."

"पोरं कुठं आहेत मग?"

"लांब. समुद्रापलीकडे."

"अय्यो! न बघता मार्क देतीस होय?"

मी हसले, पण ते बोलणं मनात राहिलं.

एकदा 'तुमच्या कामातला एक अनुभव' या विषयाचे निबंध आले. त्यातला एक वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बाईचा होता. तिथले एक आजोबा तिला आपली मुलगी समजत. आधी ती त्यांची चूक दुरुस्त करायची, नंतर तिने ते सोडून दिलं. इंग्रजी मोडकं होतं, पण माणूस समोर उभा राहत होता. निबंधाच्या तळाशी तिने वेगळी ओळ लिहिली होती : हे कुणी वाचतं का, की मशीनच मार्क देतं?

यादीत याला उत्तर नव्हतं. मी लिहिलं, "मी वाचते. मी एक बाई आहे, भारतात असते. तुमचा निबंध दोनदा वाचला."

त्याच आकड्याच्या पुढच्या निबंधाखाली तिने विचारलं, तिकडे आत्ता किती वाजले? मी कळवलं की अकरा वाजलेत, आणि खाली फुलवाला सायकलवरून मोगरा विकत ओरडतोय. त्याच्या पुढच्या खेपेला तिने लिहिलं, "मीही इथली नाही. नवरा-मुलं मायदेशी आहेत. इथल्या भाषेत मला काम करता येतं, रडता येत नाही."

ते वाचून मी उठले आणि गच्चीवर जाऊन उभी राहिले. मैसूरला आल्यापासून मला जे कुणाला सांगता आलं नव्हतं, ते एका आकड्याने मला सांगितलं होतं. मी तिला तीन ओळी लिहिल्या. माझंही तसंच आहे, एवढाच त्यांचा अर्थ.

चार दिवसांनी बंगळूरहून एजन्सीच्या बाईंचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या शेऱ्यांत खासगी मजकूर आढळलाय."

"तिने विचारलं, म्हणून उत्तर दिलं."

"ते आमच्या करारात नाही. तुमचं काम चांगलं आहे म्हणून काढत नाही. पण उद्यापासून हे विद्यार्थी दुसऱ्यांकडे जातील, तुम्ही व्यवस्थापन या विषयाचे पेपर घ्या."

त्या उद्धट नव्हत्या, आणि म्हणूनच मला भांडता आलं नाही. माझ्या तीन ओळी तिच्यापर्यंत पोचल्या का, हे विचारायचंही सुचलं नाही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, ती कोण हेही तुला माहीत नाही." ते खरंच होतं.

पुढच्या वर्षी त्या विद्यापीठाचा पदवीदान समारंभ इंटरनेटवर थेट दाखवणार होते. सकाळची कामं आटपून मी बघायला बसले. काळे झगे घालून एकेक जण मंचावर येत होतं. तिचं वय काय, ती दिसते कशी, मला काहीच माहीत नव्हतं. चाळिशीची कुणी बाई जपून पायऱ्या चढली की वाटायचं, हीच असेल. मग तसलीच दुसरी यायची.

अक्का फोडणीच्या अवलक्कीची, म्हणजे पोह्यांची, वाटी घेऊन आल्या आणि शेजारी टेकल्या.

"यात तुझी कोण?"

"माहीत नाही."

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "स्वल्प खाऊन घे की," आणि थोडा वेळ माझ्याबरोबर बघत बसल्या. त्या गेल्यावरही मी शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघत होते. ती आली असेल, किंवा रजा मिळाली नसेल, किंवा मध्येच शिक्षण सोडून घरी गेली असेल. मंचावरचे दिवे मालवले, चित्र बंद झालं. त्या दिवशी आलेले व्यवस्थापनाचे पेपर मी दुसऱ्या दिवशी तपासले.