बसकाकाचा रिकामा वेळ

खासगी शाळेच्या बसवर तो ड्रायव्हर होता आणि पोरं त्याला बसकाका म्हणत. त्याची स्वतःची लेक मात्र मुलींच्या सरकारी शाळेत चालत जायची. सकाळी पोरांना सोडलं की दुपारपर्यंत त्याला काम नसे. मागच्या लांब सीटवर तो असा घोरायचा की गाडी चालू राहिली की काय, हे बघायला वॉचमन यायचा.

बस चालवताना कान मात्र त्याचे जागे असत. बारावीची मुलं बसमध्ये कॉलेजच्या मुलाखतीची तयारी करायची. शाळेने त्यासाठी खास बाई ठेवल्या होत्या. हा गडी ते प्रश्न डोक्यात साठवून घरी न्यायचा आणि जेवणं झाली की बारावीतल्याच लेकीला समोर बसवून, घसा खाकरून, साहेबी आवाजात विचारायचा. बायकोची हसून हसून पुरेवाट व्हायची. लेकीला मात्र उत्तरं तोंडपाठ झाली. मार्कही बसमधल्या कुणापेक्षा कमी नव्हते.

तरी विज्ञानाच्या कॉलेजने तिला घेतलं नाही. बसमधल्या चौघांना घेतलं.

"विचारलं तरी काय?"

"कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो. मी सांगितलं. मग म्हणाले, तुला स्वतःला कसा दिसला ते सांग." लेकीने मान खाली घातली. "बाबा, उत्तर येत होतं हो. बघितलेलं नव्हतं."

बसकाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसमधली पोरं सहावीपासून तो पापुद्रा बघत आली होती. लेकीच्या शाळेतही प्रयोगशाळा होती की! फक्त तिला कायमचं कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी बस उभी करून तो तडक लेकीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"अहो, सामान फुटलं तर वर जाब मला द्यावा लागतो," बाई म्हणाल्या. "विज्ञानाच्या शिक्षकांची जागा रिकामी आहे. मुलींवर लक्ष कोण ठेवणार?"

"मी ठेवतो. दुपारपर्यंत मोकळाच असतो."

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"काही नाही. पण बसभर पोरं गप्प बसवतो. आणि माझ्या लेकीला पुढच्या मुलाखतीपर्यंत वर्षभर इथे येऊ द्या. तिला कळतं."

बाईंनी बरेच दिवस टोलवाटोलवी केली. हा रोज येऊन दारात ठाण मांडायचा. शेवटी कंटाळून त्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

गंजलेलं कुलूप तेल घालून उघडलं. लेक पुस्तकात बघून सांगायची, मुली करायच्या आणि बसकाका दाराशी स्टुलावर बसून "ढकलाढकली नको" एवढंच शिकवायचा.

पुढच्या वर्षीच्या मुलाखतीत लेकीला विचारलं, प्रयोगशाळेत काय केलंस?

"कांद्याचा पापुद्रा बघितला. पहिल्यांदा जाड काळ्या काठाचे गोल दिसले. मी खुशीत चित्र काढलं, सगळ्या मुलींनाही काढायला लावलं. नंतर कळलं, ते हवेचे बुडबुडे होते. वरची काच ठेवताना हवा अडकली होती."

समोरचे सगळे खो खो हसले. "मीही तेच काढलं होतं," त्यातल्या वयस्कर बाई म्हणाल्या.

प्रवेश मिळाला. बसकाका त्या दिवशी लहान पोरासारखा रडला.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी तो पुन्हा प्रयोगशाळेच्या दाराशी हजर.

"अहो, तुमची लेक गेली की आता," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "जा, झोपा निवांत."

"झोपतो ना. या सगळ्या पोरींचं बघून झालं की झोपतो," म्हणत त्याने स्टूल पुढे ओढलं. "ए, ढकलाढकली नको!"